काळजी करणे आणि काळजी घेणे

मराठी भाषेने ‘काळजी’ या एका शब्दाला चार क्रियापदे जोडून दिली आहेत. काळजी वाटते, काळजी केली जाते, काळजी घेतली जाते आणि काळजी वाहिली जाते. रोजच्या बोलण्यात आपण ही चारही रूपे इतकी सहज वापरतो की त्यांच्यातील अंतर आपल्या ध्यानातही येत नाही. गाड्या उशिराने धावत आहेत असे कळले की कामावर गेलेल्या मुलीविषयी आईला काळजी वाटते. घड्याळाकडे पाहत ती काळजी करीत बसते. मुलगी घरी आली की तिच्यापुढे गरम जेवण ठेवून ती तिची काळजी घेते. आणि रात्री कुटुंबप्रार्थनेच्या वेळी सर्वांची काळजी वाहणाऱ्या परमेश्वराचे ती आभार मानते. एका संध्याकाळी, एका घरात हा एकच शब्द चार अर्थांनी येऊन जातो.

चिंतेविषयी आपल्या कुटुंबांत जो नैतिक गोंधळ दिसतो त्याचे मूळ ही चार क्रियापदे एकमेकांत मिसळण्यात आहे, असे मला वाटते. या गोंधळातून परस्परविरोधी असे दोन समज रूढ झाले आहेत. पहिला समज घरातला आहे : जो अधिक काळजी करतो त्याचे प्रेम अधिक. ‘तुला माझी काळजीच नाही’ ही तक्रार वस्तुतः ‘तुझे माझ्यावर प्रेम नाही’ अशीच असते. दुसरा समज चर्चच्या अंगणातला आहे : ज्याची श्रद्धा बळकट आहे त्याने काळजी करूच नये. पहिल्या समजाने चिंता हा सद्गुण ठरतो, दुसऱ्याने ती पाप ठरते. जी व्यक्ती खरोखरच चिंतेने ग्रासलेली असते ती या दोहोंच्या कात्रीत सापडते. मुलांवरील प्रेम सिद्ध करण्यासाठी ती दिवसभर चिंता करते आणि श्रद्धा उणी पडली म्हणून रात्रभर स्वतःला दोष देते. चिंता हा सद्गुण आहे, पाप आहे की या दोहोंपैकी काहीच नाही, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ तत्त्वचर्चेचा राहत नाही. अनेक घरांतील शांती त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

काळजी वाटणे

प्रथम ‘वाटणे’ या क्रियापदाचा विचार करू. वाटणे हे आपण ठरवून करीत नाही. ते आपोआप घडते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वेदना, भूक, भय आणि क्रोध यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांचे वर्णन केले. संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात मिसळते, छाती धडधडू लागते, श्वास जलद होतो आणि पचनसंस्थेचे काम मंदावून रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते. लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी शरीर सज्ज होते. मनात विचार पुरता आकार घेण्यापूर्वीच हे सारे घडून जाते. त्यासाठी कोणी आपली अनुमती मागत नाही. काळजीने तोंडाला कोरड पडते, अन्नावरची वासना उडते, अंथरुणावर पडूनही डोळा लागत नाही, ती याच कारणांनी.

ही योजना आपल्या रक्षणासाठी आहे. वाडीतला राखणीचा कुत्रा चोर आला तरी भुंकतो आणि वाऱ्याने माडाची झावळी पडली तरी भुंकतो. भुंकण्यात त्याची चूक नसते. मुळीच न भुंकणारा कुत्रा राखणीच्या कामाचा नाही. चोर कोणता आणि झावळी कोणती हे मात्र घरधन्याने उठून पाहायचे असते. चिंतेची पहिली लहर ही अशी शरीराची राखण आहे. कॅथलिक परंपरेने तिला कधी पाप मानलेले नाही. भावना स्वतःहून चांगल्याही नसतात आणि वाईटही नसतात. बुद्धी आणि इच्छाशक्ती त्यांना जे वळण देतात त्यावरून त्यांचे नैतिक मूल्य ठरते, असे संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी तेराव्या शतकात मांडले आणि १९९२ साली प्रकाशित झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथानेही तीच शिकवण पुन्हा सांगितली.

माणसाची चिंता मात्र प्राण्याच्या भयाहून एका बाबतीत वेगळी आहे. डॅनिश विचारवंत सोरेन किर्केगार्ड (१८१३–१८५५) यांनी १८४४ साली चिंता याच विषयावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भयाला निश्चित विषय असतो, चिंतेला तसा तो नसतो, हा त्यांचा महत्त्वाचा मुद्दा आहे. खोल दरीत डोकावणाऱ्याला जशी भोवळ येते, तशी स्वतःपुढे पसरलेल्या शक्यतांकडे पाहून माणसाला येणारी भोवळ म्हणजे चिंता, असे ते म्हणतात. गाईला पुढच्या वर्षीच्या शालान्त परीक्षेची चिंता नसते, कारण तिच्याजवळ पुढचे वर्षच नसते. आपल्याजवळ ते आहे. उद्याचा विचार करण्याची, निवड करण्याची आणि निवड चुकण्याची मोकळीक परमेश्वराने माणसाला दिली आहे. या मोकळिकीबरोबर थोडीबहुत चिंता येणारच.

आणि ख्रिस्ती माणसासाठी याहून मोठा पुरावा गेथशेमाने बागेत आहे. दुसऱ्या दिवशी काय होणार हे ठाऊक असलेला प्रभू येशू त्या रात्री व्याकूळ झाला. त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा भूमीवर पडत होता, असे संत लूक नोंदवतो. जो निष्पाप होता आणि ज्याची पित्यावरील श्रद्धा परिपूर्ण होती, त्याचेही शरीर भयाने थरथरले. काळजी वाटणे हे अश्रद्धेचे लक्षण असते, तर शुभवर्तमानकारांनी हा प्रसंग लिहून ठेवलाच नसता.

काळजी करणे

वाटलेली काळजी काही वेळाने ओसरावी अशी शरीराची रचना आहे. परंतु मन तिला ओसरू देत नाही. गाय जसे गिळलेले गवत पुन्हा तोंडात आणून चघळते तसे मन त्याच त्या शंकेचे रवंथ करीत बसते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवातूनच घडवली आहे. मुलाचा फोन लागला नाही एवढीच घटना. पण अर्ध्या तासात मनाने अपघात घडवलेला असतो, इस्पितळ गाठलेले असते आणि पुढचे सारे सोपस्कारही उरकलेले असतात. प्रत्यक्षात मुलाच्या फोनची बॅटरी संपलेली असते.

आपल्या अनेक धर्मग्रामांतील तरुण जहाजांवर किंवा आखाती देशांत नोकरीला आहेत. पूर्वी त्यांचे पत्र यायला काही आठवडे लागत. पत्र येईपर्यंत आईला वाट पाहावीच लागे आणि वाट पाहण्याचे एक बळ तिच्या अंगी येई. आज हातातल्या फोनवर मुलाने शेवटचा संदेश किती वाजता पाहिला हेही दिसते. माहिती वाढली, तेवढी शांती वाढली का? मानसशास्त्र याचे उत्तर देते. चिंता वाटली, लगेच फोन केला, आवाज ऐकला, हायसे वाटले. हे हायसे वाटणे फार वेळ टिकत नाही. शिवाय, विचारले की बरे वाटते हे मन शिकते, म्हणून पुढच्या वेळी ते अधिक लवकर विचारू लागते. जी गोष्ट भीतीपोटी टाळली जाते तिचेही असेच आहे. पुलावरून जाणे टाळले की तेवढ्यापुरती सुटका होते, पण पुलाची भीती वाढते. चिंता शमवण्याचे हे उपायच तिचे खाद्य बनतात.

असे असूनही आपण चिंता का करीत राहतो? एक कारण असे की चिंता करणे हे काम केल्यासारखे वाटते. हात रिकामे असले तरी मन राबत असते, त्यामुळे आपण कर्तव्यात कसूर केली नाही असे समाधान मिळते. त्याखाली दडलेले दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. ‘मी इतकी काळजी केली म्हणूनच काही वाईट घडले नाही’, असा एक अव्यक्त हिशेब मनात चालू असतो. मी जागी आहे तोवर घर सुरक्षित आहे. मी निर्धास्त झाले की काहीतरी घडेल. या हिशेबात नकळत आपण जगाच्या राखणदाराची जागा घेतलेली असते. ती जागा आपली नाही आणि ती सांभाळण्याचे बळही आपल्याजवळ नाही.

‘अधिक काळजी म्हणजे अधिक प्रेम’ हा समज येथे तपासून पाहता येतो. काळजी घेणाऱ्याची दृष्टी मुलावर असते : त्याला भूक आहे का, तो थकला आहे का, त्याला काही बोलायचे आहे का? काळजी करणाऱ्याची दृष्टी हळूहळू स्वतःच्या अस्वस्थतेकडे वळते आणि ती शमवण्याचे काम मुलाकडे येते. ‘पोहोचलास की कळव’ हे प्रेम आहे. वाटेत केलेले दहा फोन ही मुलाकडे केलेली मागणी असते : माझी भीती तू सांभाळ. दहा वर्षांच्या मुलाला आईची भीती सांभाळावी लागली तर तो दोन गोष्टी शिकतो. जग धोक्याचे आहे आणि त्याला तोंड देण्याची शक्ती माझ्यात नाही, ही पहिली. दुसरी अशी की आईला सत्य सांगू नये, कारण तिला ते सोसवत नाही.

या दुसऱ्या धड्याचे परिणाम आपण पाहतो. कमी गुण पडलेला मुलगा गुणपत्रिका लपवतो. नोकरी गेलेला तरुण महिनाभर रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो. सासरी त्रास होत असलेली मुलगी फोनवर ‘सगळे बरे आहे’ एवढेच सांगते. ‘घरी कळले तर सर्वांना काळजी वाटेल’, असे प्रत्येक जण म्हणतो. ज्या चिंतेने मुलांना जवळ ठेवायचे होते तिनेच त्यांना दूर लोटलेले असते. नेमक्या ज्या वेळी त्यांना आई-वडिलांची गरज असते, त्या वेळी ती एकटी पडतात. चिंतेचे खरे नैतिक मोल येथे चुकवावे लागते आणि ते चिंता करणाऱ्यापेक्षा ज्याच्यासाठी चिंता केली त्यालाच अधिक चुकवावे लागते.

श्रद्धा आणि चिंता

आता दुसऱ्या समजाकडे वळू. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने आकाशातील पाखरे आणि रानातील फुले यांचे दाखले देऊन चिंता न करण्यास सांगितले. हा उपदेश पुष्कळदा चिंताग्रस्त माणसाला दटावण्यासाठी वापरला जातो. परंतु तो कोणाला केला होता हे पाहावे. उद्याच्या अन्नाची आणि अंगावरच्या वस्त्राची भ्रांत असलेली माणसे प्रभूसमोर बसली होती. त्यांना दोषी ठरवण्याचा प्रभूचा हेतू नव्हता. त्यांच्या डोक्यावरचे ओझे त्याला उतरवायचे होते.

मूळ ग्रीक शुभवर्तमानात येथे ‘मेरिम्ना’ या शब्दाचे क्रियापद आले आहे. संत पौल फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात कशाचीही चिंता करू नका असे सांगताना तेच क्रियापद वापरतो. पण त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तीमथ्याची प्रशंसा करताना, हा तुमची मनापासून काळजी घेईल, असे म्हणतानाही तो हेच क्रियापद योजतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर स्वतःच्या हालअपेष्टांची यादी देताना सर्व मंडळ्यांविषयी दररोज वाटणारी ‘मेरिम्ना’ त्याने त्यांत मोजली आहे. मराठीप्रमाणे ग्रीक भाषेतही एकाच शब्दात चिंता आणि आस्था दोन्ही सामावल्या आहेत. प्रेषिताने शब्द टाकून दिला नाही. कोणाची काळजी आणि कशा प्रकारची काळजी, एवढेच त्याने पाहिले.

संत थॉमस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात हाच प्रश्न थेट विचारला आहे : ऐहिक गोष्टींची आणि भविष्याची काळजी करणे योग्य आहे काय? त्यांचे उत्तर शेतकऱ्यालाही पटावे असे आहे. प्रत्येक ऋतूची आपापली काळजी असते. उन्हाळ्यात धान्याच्या कापणीची काळजी योग्य. पण द्राक्षांचा हंगाम शरदात येणार असताना उन्हाळ्यातच त्याची चिंता करीत बसणे म्हणजे पुढच्या काळाचे ओझे आधीच उचलणे होय. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर भाताची लावणी चालू असताना मळणीच्या चिंतेने हात थांबवू नयेत. म्हणून मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा पतपेढीत पैसे टाकणे हे अश्रद्धेचे कृत्य नाही; उन्हाळ्यात धान्य साठवणाऱ्या मुंगीचा आदर्श पवित्र शास्त्रानेच आपल्यापुढे ठेवला आहे. पैसे टाकून झाल्यावरही ती पतपेढी बुडाली तर, मुलगी नापास झाली तर, या विचारांनी रात्र जागवणे हे मात्र अवेळीचे ओझे आहे. आपले कर्तव्य पार पाडल्यावरही आपल्याला उणे पडेल अशी अवाजवी भीती बाळगणे हा संत थॉमस यांच्या मते काळजीतील एक दोष आहे.

दोष म्हटले की पुन्हा सावध राहावे लागते, कारण काहींच्या बाबतीत ही भीती इच्छेच्या आटोक्यातच राहिलेली नसते. सहा महिने वा त्याहून अधिक काळ, बहुतेक दिवस, अनेक गोष्टींची अनावर चिंता. तिच्याबरोबर अस्वस्थता, थकवा, चिडचिड, स्नायूंचा ताठरपणा, एकाग्रतेचा अभाव आणि निद्रानाश यांपैकी काही लक्षणे आणि त्यामुळे रोजचे व्यवहार कठीण होणे, याला वैद्यकशास्त्र आजार मानते. या आजारावर औषधे आहेत आणि विचारांची वळणे बदलण्यास साहाय्य करणारे मानसोपचारही आहेत. कधी कधी गळ्यातील थायरॉईड ग्रंथीच्या अतिरिक्त स्रावामुळेही छातीत धडधड आणि बेचैनी जाणवते, म्हणून प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवणे हिताचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे आणि आरोग्यविम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने स्थान देणे विमा कंपन्यांना बंधनकारक केले आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.

तरीही आपल्या समाजात या आजाराविषयी मौन पाळले जाते. ‘लोक काय म्हणतील’, ‘मुलीचे लग्न कसे जमेल’, या विचाराने घरातले दुखणे झाकले जाते आणि रुग्णाला अधिक प्रार्थना करण्याचा सल्ला देऊन सारे मोकळे होतात. मधुमेहाच्या रुग्णाला आपण इन्सुलिनऐवजी जपमाळ देत नाही. इन्सुलिनही देतो आणि त्याच्यासाठी मिस्साही अर्पण करतो. मग मनाच्या आजाराला वेगळा न्याय का? संत इग्नेशियस लोयोला १५२२ साली मान्रेसा येथे राहत असताना, आपली पापे नीट सांगितली गेली की नाही या शंकेने अनेक महिने पछाडलेले होते. पुन्हा पुन्हा पापनिवेदन करूनही त्यांची शंका फिटत नव्हती. जीव देण्याचाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला, हे त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात उघडपणे सांगितले आहे. एवढ्या मोठ्या संताने जे लपवले नाही ते आपण का लपवावे? भयाने काठावर आलेल्या माणसाला ‘तुझी श्रद्धा कमी आहे’ असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. बोलणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो, पण त्यामुळे घाव हलका होत नाही.

काळजी घेणे

‘करणे’ थांबवायचे तर त्या जागी काही ठेवावे लागते. ‘चिंता करू नकोस’ असे सांगून कोणाची चिंता थांबल्याचे ऐकिवात नाही. त्याऐवजी चिंतेला काम द्यावे. जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) यांनी १६०९ साली सामान्य प्रापंचिकांसाठी भक्तिमय जीवनावर एक ग्रंथ लिहिला. त्यातील एका प्रकरणाचा विषयच असा आहे की व्यवहार काळजीपूर्वक करावेत, पण घाई आणि चिंता न करता. देवदूत आपल्या तारणाची मनापासून काळजी घेतात, परंतु ते चिंताक्रांत होत नाहीत, असे ते म्हणतात. आपल्या चार क्रियापदांतील मधल्या दोहोंतला भेद चारशे वर्षांपूर्वी त्यांनी असा नेमका दाखवला. पाप वगळले तर आत्म्याला चिंतेएवढी हानी कशानेही होत नाही, असे त्यांनी दुसऱ्या एका प्रकरणात म्हटले आहे. जाळ्यात अडकलेले पाखरू सुटण्यासाठी जितके फडफडते तितके अधिक गुंतते, हा त्यांचा दाखला आहे. अशा वेळी आधी मन शांत होऊ द्यावे, मग कृती करावी आणि मनातले विश्वासू माणसाला बोलून दाखवावे, हा त्यांचा सल्ला आजचे समुपदेशकही देतील.

हा सल्ला घरात आणणे अवघड नाही. काळजी वाटली की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट माझ्या हातातली आहे का? ती आजची आहे का? तिच्यासाठी आता एखादी कृती करता येईल का? गुलामगिरीत जन्मलेला तत्त्वज्ञ एपिक्टेटस याने जे आपल्या हाती आहे आणि जे नाही यांतील भेद ओळखण्याला साऱ्या शहाणपणाचा आरंभ मानले. विसाव्या शतकात अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी त्याच विचाराच्या आधारे आपली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती उभारली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. कृती करता येत असेल तर ती करावी आणि तेथेच थांबावे. तपासणीची तारीख घ्यावी, कर्जाचा आकडा कागदावर मांडावा, शिक्षकांना भेटून यावे. मनात फिरणारी शंका कागदावर उतरली की तिची लांबीरुंदी कळते. घरखर्चाचा विषय रोज जेवताना काढण्यापेक्षा आठवड्यातून एक वेळ त्यासाठी ठरवून ठेवावी. चिंतेसाठी दिवसातील ठरावीक वीस-पंचवीस मिनिटे राखून ठेवावीत आणि इतर वेळी तिला ‘तेव्हा ये’ म्हणून सांगावे, असे मानसोपचारतज्ज्ञही सुचवतात. छाती धडधडू लागली तर श्वास सावकाश सोडावा. सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेहून मोठा ठेवला की शरीर हळूहळू निवते. आणि मन खिन्न असताना पूर्वी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये, हा संत इग्नेशियस यांचा नियम तर प्रत्येक घरात पाळण्याजोगा आहे. रात्री दोन वाजता कोणीही नोकरी सोडण्याचा किंवा मुलाची शाळा बदलण्याचा निर्णय घेऊ नये.

मुलांच्या बाबतीत काळजी घेण्याचा एक अर्थ त्यांना थोडी जोखीम घेऊ देणे असाही आहे. पोहायला शिकवणारा वडीलमाणूस पाण्यात जवळ उभा राहतो, पण हात सोडतो. हात कधीच न सोडणारा पोहायला शिकवू शकत नाही.

पवित्र कुटुंबाने एकदा या साऱ्याचा अनुभव घेतला आहे. वल्हांडण सणाहून परतताना बारा वर्षांचा येशू नातेवाइकांबरोबर असेल असे समजून योसेफ आणि मरिया एक दिवसाची वाट चालून गेली. तो त्यांच्यात नाही हे कळताच ती मागे फिरली आणि तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. संत लूकने या प्रसंगाचे जे वर्णन केले आहे त्यात काही गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. आई-वडिलांना क्लेश झाले आणि मरियेने ते लपवले नाहीत. आम्ही कष्टी होऊन तुला शोधत होतो, या अर्थाचे शब्द तिने मुलाला ऐकवले. त्यांची काळजी त्यांच्या पायांत उतरली होती; ती वाट तुडवीत मागे गेली, शोधत राहिली. मुलाने दिलेले उत्तर त्यांना उमगले नाही. न उमगलेले ते सारे मरियेने अंतःकरणात जपून ठेवले आणि ती मुलाबरोबर नासरेथला परतली. हरवलेल्या मुलाच्या या घटनेला ख्रिस्तसभेने मरियेच्या सात दुःखांत स्थान दिले आहे आणि जपमाळेच्या आनंदाच्या पाच रहस्यांतही तिलाच पाचवे स्थान दिले आहे. सापडल्याच्या आनंदात शोधण्याचे तीन दिवसही मोजलेले आहेत.

काळजी वाहणे

काही प्रसंगी मात्र घेण्याजोगी काळजीही उरत नाही. गाठीचा तुकडा तपासणीला गेला आहे आणि अहवाल आठ दिवसांनी येणार आहे. नवरा अतिदक्षता विभागात आहे आणि दाराबाहेर बसण्यापलीकडे हातात काही नाही. अशा वेळी चिंता घालवता येत नाही, ती वाहावी लागते. ओझे वाहायचे असेल तर एकापेक्षा दोन खांदे बरे. पेत्राच्या पहिल्या पत्रात आपली सर्व ‘मेरिम्ना’ देवावर टाकण्यास सांगितले आहे, कारण तो आपली काळजी वाहतो. परंतु देव जेव्हा आपले ओझे उचलतो तेव्हा तो बहुधा शेजाऱ्याच्या खांद्याने उचलतो.

गेथशेमाने बागेत प्रभूने पित्याकडे प्रार्थना केली, तशीच तीन मित्रांकडे एक साधी विनंतीही केली : माझ्याबरोबर जागे राहा. त्यांनी काही उपाय करावा अशी त्याची अपेक्षा नव्हती. त्यांनी जवळ असावे एवढेच त्याला हवे होते. ते झोपी गेले. समोरचा प्याला टळावा अशी त्याने प्रार्थना केली आणि तो टळला नाही. तरीही प्रार्थनेनंतर तो उठला आणि जे येत होते त्याला सामोरा गेला. चिंता नाहीशी करणे हे प्रार्थनेचे काम आहे अशी आपली समजूत असेल तर या रात्रीने ती दुरुस्त करावी. प्रार्थनेने उठून उभे राहण्याचे बळ मिळते. प्रत्येक मिस्सात, केवळ आजच्या भाकरीची मागणी करणाऱ्या प्रभूच्या प्रार्थनेनंतर लगेच, मनाच्या सर्व व्याकुळतेपासून आम्हाला सुरक्षित ठेव अशी विनवणी धर्मगुरू सर्वांच्या वतीने करतात. समोर बसलेली माणसे कोणती ओझी घेऊन आली आहेत हे ख्रिस्तसभेला ठाऊक आहे, म्हणूनच ती ही विनवणी रोज करते.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. काळजी वाटणे हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. त्यात पुण्य नाही आणि पापही नाही. काळजी करीत राहणे ही एक सवय आहे, कधी आजारही आहे. सवय मोडता येते आणि आजारावर उपचार करता येतात. काळजी घेणे हे कर्तव्य आहे. आणि काळजी वाहणे हे एकट्याने करण्याचे काम नाही.

आपल्याकडे मयताच्या घरी सारा गाव जातो. आजाऱ्याच्या घरी शहाळे आणि फळे घेऊन माणसे जातात. चिंतेने पोखरलेल्या घरी मात्र कोणी जात नाही, कारण त्या घरावर कोणतीही खूण दिसत नाही. आपल्या शेजारी असे एखादे घर असेल. त्या घरातल्या बाईला उपदेश करण्याची गरज नाही. तिच्याजवळ थोडा वेळ बसावे, ती जे सांगेल ते मध्येच न तोडता ऐकावे, डॉक्टरांकडे जायचे असेल तर सोबत म्हणून जावे, तिची मुले दोन तास आपल्या घरी आणून खेळवावीत. प्रभूने आपल्या मित्रांकडे मागितले होते ते याहून फारसे अधिक नव्हते.